बारांवाचा नारळ

आमच्या घराला एक पदवी आहे. विद्यापीठाची नव्हे. ती घरात फक्त माझ्याकडे आहे आणि तिला कोणी विचारत नाही. मी म्हणते ती राजाने दिलेली, बापाकडून मुलाकडे चालत आलेली पदवी: बारांव. पोर्तुगालच्या राजाकडच्या उमरावांच्या उतरंडीत बारांव म्हणजे जवळजवळ तळाचं मडकं, असं मी पुढे कधीतरी वाचलं. घरात मात्र बोलले नाही, कारण बाबांना रक्तदाब आहे.

पेडण्यात खरोखरची नावाजलेली घराणी आहेत. आमचं त्यातलं नव्हे. धारगळला हमरस्ता सोडून आत वळलं की काजूच्या बागा लागतात, त्या संपल्या की आमचं गाव. गावाबाहेर आम्हाला कोणी ओळखत नाही आणि गावात सगळे जरा जास्तच ओळखतात.

पदवी कशी मिळाली याच्या दोन गोष्टी आहेत. घरात सांगतात ती अशी, की आमच्या मूळ पुरुषाने फिरंग्यांशी झालेल्या लढाईत असा पराक्रम गाजवला की खुद्द फिरंगी गव्हर्नर खूश झाला. शत्रू खूश होईल असा पराक्रम नेमका कोणता, हे मी लहानपणी भर पंगतीत विचारलं होतं. मला पानावरून उठवण्यात आलं. गावात सांगतात ती गोष्ट वेगळी. गव्हर्नर नवा मुलूख बघायला निघाला होता, मचिल्यात बसून. मचिला म्हणजे माणसांनी खांद्यावरून न्यायची डोली. ती आमच्या शेतातल्या चिखलात रुतली. मूळ पुरुष तिथेच नांगर धरून उभा होता. त्याने गव्हर्नरसाहेबांना पाठुंगळी घेतलं आणि बांधापर्यंत आणलं. बांधावर चढताना पाय घसरून दोघेही आपटले, पण मूळ पुरुष खाली आणि साहेब त्याच्यावर, त्यामुळे साहेबांचा सदरा पांढरा तो पांढराच राहिला. त्याबद्दल बारांवकी. मला ही दुसरी गोष्टच खरी वाटते. आमच्या घराण्यात तलवार उपसेल असा माणूस मी पाहिलेला नाही, पण चिखलात पडणारे बरेच आहेत.

पुढे तो राजा गेला, त्याच्या देशातल्या नव्या सरकारने पदव्या मोडीत काढल्या. मग फिरंगी स्वतःच गेले. दिल्लीच्या सरकारने तर आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इतक्यांदा रद्द झालेली पदवी आमच्या गावात टिकली ती देवामुळे. जत्रेला पालखी उठण्याआधी घाडी, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने बोलणारा माणूस, गाऱ्हाणं घालतो आणि मानाचा नारळ बारांवाच्या ओंजळीत देतो. बारांवाने नारळ घेतल्याशिवाय पालखी जागची हलत नाही. वर्षातून एकदा, एका नारळापुरते आम्ही उमराव. पण तेवढ्या भांडवलावर बाबांनी सगळं वर्ष काढायचं ठरवलं होतं.

बाबा वीज खात्यात मीटर वाचायला होते. "बारांव इलो, बारांव इलो, मीटर बघूक इलो," अशी हाक वाड्यावर जायची आणि लोक कदेल, म्हणजे खुर्ची, पुसून पुढे सरकवायचे. बाबा बसायचे नाहीत. मीटरवर टॉर्च मारून आकडा असा मोठ्याने वाचायचे की घरच्यांना आपल्याला काहीतरी बक्षीस लागलंय असं वाटावं. बारांव रांगेत उभा राहत नाही, म्हणून रेशनच्या दुकानात आई जायची. बारांव पिशवी उचलत नाही, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुढे आणि बाबा हात पाठीशी बांधून मागे. एकदा बसच्या कंडक्टरने आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मावशी, तो मनीस मघापासून तुमच्या फाटसून कित्या फिरता? पोलिसांक सांगूं?"

आई म्हणाली, "नाका. तो बारांव."

आईने ही बारांवकी ज्या रीतीने सोसली ती रीत म्हणजे थट्टा. रोज सकाळी स्वयंपाकघरातून तिची हाक यायची, "बारांवांनो, कचऱ्याची गाडी इली!" आणि बाबा, जे पिशवी उचलत नसत, ते कचऱ्याची बादली मात्र मुकाट्याने उचलत. बादली पिशवीत मोडत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

मी एकुलती एक. मुलगी. पदवी मुलाकडे जाते, मुलगा नसेल तर भाऊकीतल्या जवळच्या पुरुषाकडे. हे मला कोणी समोर बसवून सांगितलं नाही, आपलं पाणी कुठल्या कळशीतलं प्यायचं हे जसं कळतं तसं कळलं. जत्रेला मी बायकांच्या बाजूला खांबाशी उभी राहून बघायची. काळ्या मखमलीचा, कसरीने खाल्लेला कोट घालून बाबा पुढे होत, ओंजळ धरत, आणि डांबरगोळ्यांचा वास गाभाऱ्यातल्या धुपालाही मागे टाकी. मला हसू यायचं आणि तो नारळ हवा असायचा. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? मला तो हवाच होता. लग्न होऊन मी कारापूरला गेले, नवऱ्याचं स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान, माझी साखळीच्या बँकेतली नोकरी, सगळं नीट चाललं, पण दर जत्रेला माहेरी येऊन खांबाशी उभी राहिले की पोटात तीच हाव. सासरी कोणाला सांगितलं असतं तर त्यांनी मला बाजारातून एक पोतं नारळ आणून दिले असते.

आता काकांबद्दल सांगते. काका म्हणजे बाबांचे चुलत-चुलत भाऊ, आमच्या समोरच्या घरात राहणारे. त्यांचे आजोबा आणि बाबांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, सख्खे भाऊ. थोरला कोण यावर वाद. आमच्या घरात सांगतात की आमचे पणजोबा थोरले. त्यांच्या घरात सांगतात की त्यांचे. पणजोबांनी स्वतः याबद्दल काही म्हटल्याचं कोणाला ठाऊक नाही. काका आणि बाबा एका वर्गात शिकले, एका वर्षी नापास झाले, एकाच पोदेराकडून पाव घेतात आणि पोदेराने आधी कोणाच्या दारात सायकल थांबवायची यावरून दोघांचं महिनाभर वाजलेलं मी पाहिलंय. शेवटी पोदेर दोन्ही घरांच्या मधोमध उभा राहून भोंपू वाजवायला लागला.

गेल्या पावसाळ्यात बाबांचा गुडघा पार गेला. इस्पितळात नेऊन बदलून घेतला. ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात काकांनी म्हापशाच्या शिंप्याकडे काळा कोट शिवायला टाकला. ही बातमी आईने बाबांपासून लपवली, पण शिंपीच बाबांची विचारपूस करायला फळं घेऊन आला आणि बोलता बोलता बोलून गेला.

काकांचा हिशेब चुकीचा नव्हता. आमच्या देवळाच्या पायऱ्या उंच आहेत. बारांवाला स्वतःच्या पायांनी वर चढून जावं लागतं, त्याला उचलून नेलेलं चालत नाही. तो चढू शकला नाही तर मान भाऊकीतल्या जवळच्या पुरुषाकडे, म्हणजे काकांकडे जातो. आणि असा एकदा दुसऱ्या हाताने नारळ घेतला की मान मागच्या हाताकडे परत फिरत नाही, पायऱ्या चढवतात तोवर तो त्या नव्या हाताचाच. म्हणजे बाबा या एका जत्रेला वर पोचले नाहीत, तर उरलेलं आयुष्य समोरच्या घरातल्या बारांवाला उठता-बसता बघायचं. बाबांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "यो. माका चलूक शिकय."

मी आधी रजा टाकून आले, मग दर सुट्टीला येत राहिले. पंचायतीच्या जिन्यावर आमचा सराव चाले. बाबा एक पायरी चढत आणि थांबून काकांच्या घराण्यातल्या एका पूर्वजाला शिवी देत. पूर्वज संपले की परत खाली. तो जिना काकांच्या घरातून दिसे; ते जनेलात, म्हणजे खिडकीत, बसून बघत. बाबा अडखळले की ते चहा मागवत, बाबा वर पोचले की चहा थंड होई. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि जत्रा जवळ आली तेव्हा बाबा काठी टेकत न थांबता माथ्यावर जात होते. तिथे उभं राहून ते खाली असे पाहत की पंचायतीच्या सेक्रेटरीला त्यांना नमस्कार करावासा वाटे. मला त्यांचा अभिमान वाटला. शेवटी मान त्यांचाच राहणार आणि मी खांबाशी, हेही मनात होतं, पण त्या घटकेला मी खरंच खूश होते.

जत्रेचा दिवस उजाडला. मी स्वयंपाकघरात खोबरं किसत होते. बाबा आंघोळ करून, मखमली कोट घालून ओसरीवर बसले होते. इतक्यात काका आले. चाळीस वर्षांत आमची पायरी न चढलेला हा माणूस हातात मोबाइल उंच धरून अंगणात उभा, अंगात नवा कोरा कोट.

"नातू झालो माका!" ते ओरडले. "इंग्लंडात! आज फाटफटी! हो पळे फोटो!"

त्यांचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलाय, तिथे एका मोठ्या गोदामात काम करतो. सूनबाईंचे दिवस भरले होते हे आम्हाला ठाऊक होतं. आई हात पुसत बाहेर आली, तिच्यामागून मी, आईचा चेहरा फुलला, आत जाऊन साखरेची वाटी घेऊन आली, स्वतःच्या तोंडात टाकली, काकांच्या हातावर ठेवली, माझ्याही हातावर ठेवली. बाबांनी फोटो पाहिला. बाळ काकांसारखंच दिसत होतं, म्हणजे रागावलेलं.

मग काका जरा खाकरले आणि प्रेमाने म्हणाले, "म्हणजे आता तुका सुवेर लागलो. देवळात पाय घालूक जावचो ना."

आमच्याकडे घरात मूल जन्मलं की बापाकडच्या सगळ्या भाऊकीला सुवेर येतो, देशावर त्याला सोयर म्हणतात. तो फिटेपर्यंत देवळात जायचं नाही, देवाचं काही शिवायचं नाही. कितीही लांबचं चुलतपण असलं तरी मूळ पुरुष एक, तर सुवेर एक. आणि तो बातमी कानावर पडल्यापासून लागतो. म्हणून तर काका इतक्या सकाळी धावत आले होते. बाबा देवळात पोचायच्या आत त्यांच्या कानावर घालणं भाग होतं.

बाबांचा चेहरा उतरला. इतक्या महिन्यांचा जिना, इतक्या शिव्या, सगळं वाया. मी रडायच्या बेतात होते.

आईने साखरेची वाटी खाली ठेवली. "भावोजी," ती म्हणाली, "आणि तुमका?"

"माका कितें?"

"नातू तुमचो. सुवेर आमका लागलो आणि तुमका लागूक ना?"

काका आधी आईकडे, मग मोबाइलकडे, मग स्वतःच्या कोटाकडे बघत राहिले. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं मी ऐकली होती, पण नाक कापल्यावर ते कुठे गेलं म्हणून शोधणारा माणूस प्रथमच पाहिला. पहाटेपासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, बाबांना सुवेर लागला की मान आपल्याकडे. नातू आपला आहे हे मधल्या मधे राहून गेलं होतं.

बाबा हसायला लागले. इतके हसले की त्यांची काठी ओसरीवरून घरंगळत काकांच्या पायाशी गेली.

पण हसणं फार वेळ टिकलं नाही. काकांच्या आरोळीने अख्खा वाडा जागा झाला होता, म्हणजे भाऊकीतल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या कानावर बातमी पडली होती. इंग्लंडात जन्मलेल्या त्या एवढ्याशा पोराने गावातले सगळे उमेदवार एका दमात बाद केले होते. थोड्याच वेळात भटजी, घाडी आणि देवस्थानचे अध्यक्ष आमच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. आत येता येईना, सुवेराचं घर.

"पालखी कशी उठयतले?" अध्यक्ष म्हणाले. "खाज्यांची दुकानां लागली. दशावतारी येवन पावले."

"पुढच्या आठवड्यात करूया," भाऊकीतला कोणीतरी म्हणाला.

"जत्रेची तीथ काय तुझ्या बापायची रजा?" घाडी तडकला.

कोणी म्हणालं, बातमी ऐकलीच नाही असं समजू. भटजी म्हणाले, देव काय बहिरा आहे? तेव्हा आई फाटकापाशी गेली. "भटजी, एक विचारू? ह्या रक्ताचां असून सुवेर नाय असां कोण असता?"

भटजींनी थोडा विचार केला. "लग्न करून दिलेली लेक. ती परक्या कुळात गेली. तिला माहेरचा सुवेर नाही."

"मगे ती बघा," आई म्हणाली.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या एका हातात नारळाची कवड होती आणि दुसऱ्या मुठीत न खाल्लेली साखर. "दिलेली लेक परकी" हे वाक्य मी माहेरी आयुष्यभर ऐकत आले, ते हळदीकुंकवात, वाटण्यांत, कुळाचाराच्या नैवेद्यात. ज्या नियमाने मला खांबाशी उभं केलं होतं त्याच नियमाने आता मला पुढे बोलावलं होतं. नियमांना अक्कल नसते याचा मला इतका आनंद आधी कधीच झाला नव्हता.

"बायल माणूस?" काका म्हणाले. "आणि ती रातभर हांगाच रावली! हांगाच जेवली!"

"बातमी यायच्या आधी जेवली. तळीवर न्हाऊन आली की झालं," भटजी म्हणाले. "पण बारांवांची परवानगी हवी."

बाबा माझ्याकडे न बघता काकांकडे बघत होते. मग म्हणाले, "घेवंदे तिका. ह्याका तरी मेळचो ना!"

मला राग आला. चिडून डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे आता मिळत होतं तेही काकांवर सूड म्हणून. मी कवड ठेवली आणि म्हणाले, "बाबा, काकांक मेळू नये म्हणून मी नारळ घेवचंय नाय. तुमी दुसरां कोण शोधा."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. देवळाकडून ढोल ऐकू यायला लागले होते. बाबांनी विचारलं, मग कशासाठी घेशील?

"माझो म्हणून," मी म्हणाले. "तुमचो झील मी. तुमची लेक पण मीच. तिसरां कोण आसा तुमका?"

बाबांनी आपल्या नव्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "जा. न्हावन ये. उशीर जाता." ते मला हो म्हणाले की फक्त घड्याळाला, हे मला कळलं नाही. पण मी गेले.

तळीवर बुडी मारली. सुवेराच्या घरातलं लुगडं चालणार नाही म्हणून भटजींच्या बायकोने आपलं दिलं. तिच्या माझ्या उंचीत चांगला फरक, त्यामुळे बारांव घोटे उघडे टाकून पायऱ्या चढला. मखमली कोटही बाबांच्या अंगावर, देवळाबाहेरच राहिला, त्यामुळे यंदा धुपाचा वास पहिल्यांदाच नीट आला. बायकांच्या बाजूला खांबाशी माझी मामेबहीण उभी होती, ती मला बघून तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसले असते, पण दोन्ही हातांनी ते आखूड लुगडं खाली ओढत होते.

घाडीने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारात ही लेकरां जमली आसत. गावात एक नवो जीव इलो, त्याका बरो ठेव. कोणाक काय अडचण इली तर ती मोडून वाट काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

नारळ माझ्या ओंजळीत पडला. माझ्या कल्पनेपेक्षा तो जड होता. पालखी उठली, ढोल सुरू झाले, आणि मला काहीही थोर असं वाटलं नाही, फक्त नारळ हातातून पडू नये एवढंच वाटत होतं.

पालखीमागून मी देवळाच्या आवाराबाहेर आले. सुवेरवाले सगळे कुंपणाच्या भिंतीपलीकडे, रस्त्याच्या कडेला बसून लांबून बघत होते. बाबा आणि काका एकाच बाकड्यावर, शेजारी शेजारी, दोघेही काळे कोट घालून. दुसरं बाकडं नव्हतं.

आमच्याकडे नारळ घेतलेला बारांव समोरून जाताना बसलेल्या माणसाने उठायचं असतं. बाबा आजवर या प्रसंगी कधी उठले नव्हते, कारण चालणारे तेच असत. मी त्यांच्या समोर आले. त्यांनी काठी जमिनीत रोवली, दुसरा हात काकांच्या खांद्यावर टाकला आणि उठायला लागले. गुडघा ऐकत नव्हता. चेहरा लाल झाला होता.

"बस मरे," काका म्हणाले, "पायाक त्रास जातलो."

बाबा तोवर उभे राहिले होते. त्यांनी काकांच्या कोटाची कॉलर धरली.

"बारांव येता," ते म्हणाले. "ऊठ."

काका उठले.